दिघीच्या माळावरचं हेलिकॉप्टर

भूतखेतं, अंगारे-धुपारे वडिलांनीच आमच्या बौद्ध घरातून घालवले होते. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली…

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. आम्ही दिघीत राहायचो. धाकटा भाऊ मिलिंद भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. तिथे टाळेबंदी झाली आणि तो मुनीर या मेकॅनिक मित्राबरोबर लष्कराच्या माळावर फुटलेल्या तोफगोळ्यांचं तांबं-पितळ वेचायला जाऊ लागला.

तोफांच्या सरावाआधी टेहळणीचं एक छोटं हेलिकॉप्टर माळावरून फिरून जायचं. तेवढा वेळ वेचणारे मातकट गोणपाट पांघरून पडून राहायचे. माणूस दिसला की सराव थांबे, आणि जीप येऊन त्याला धरून नेई.

मुनीरनं सांगितलं ते असं: त्या सकाळी मिलिंदचा पाय खड्ड्यात मुरगळला. मुनीर त्याला पाठीवर घेत होता, तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं. मिलिंदनं गोणपाट फेकून शर्ट हलवला. ते इतकं खाली उतरलं, की मुनीरचे डोळे मातीनं भरले. आतल्या माणसानं हात केला – हे दोघांनीही पाहिलं.

मिलिंद खाली बसला, बिडी पेटवली. म्हणाला, "आता साहेबाच्या गाडीतनं जातो की. तू पळ भावा, दोघांनी मार कशाला खायचा?"

मुनीर नाल्यात उतरला आणि तोफा सुरू झाल्या.

संध्याकाळी मिलिंद आमच्या हाती आला, तो त्याच गोणपाटात. गाठ मारलेली होती. आईनं ती सोडायचा हट्ट धरला… मी सोडू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी मी छावणीत विचारायला गेलो. अधिकारी सभ्य होते. त्यांनी मला शेडमध्ये नेलं. हेलिकॉप्टरचं शेपूट उतरवून बाजूला ठेवलेलं, त्यावर धूळ. आठवडाभर ते उडालंच नव्हतं, दुसरं त्यांच्याकडे नव्हतं. त्या दिवशीची पाहणी दुर्बिणीतून झाली होती, आणि उंचवट्यामागचा माणूस दुर्बिणीला दिसला नाही.

मुनीर खोटं बोलतो, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. त्याला तिनं दारात उभं केलं नाही. पण त्याच्या डोळ्यांतली माती डॉक्टर काढत होते, तेव्हा त्याचं डोकं मीच धरलं होतं.

मला कशाचाच उलगडा झालेला नाही. हेलिकॉप्टर आलं नसतं, तर मुनीरनं त्याला पाठीवरून नाल्यापर्यंत आणलंच असतं. आणि ते आलंच नव्हतं.