बिबड्यांच्या राखणीला बंदूक

माझ्या वयाच्या बायकांनी बंदूक चालवू नये, असं सांगणारे पुष्कळ भेटले. मी त्यांना एवढंच विचारते, मग कोणत्या वयाच्या बायकांनी चालवावी ते तरी सांगा. तेही कोणी सांगत नाही.

बंदूक खेळातली आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही घाबराल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पलंगावर पडल्यापडल्या दिवसभर सुनेचं डोकं खायची. शेवटी तिने माझ्या हातात ते यंत्र दिलं. लहान पोरांच्या पाटीएवढं, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं. म्हणाली, "आई, हे घ्या, खेळा, आणि मला काम करू द्या." पहिल्यांदा शेतीचा खेळ लावून दिला. बाई गं, माझं माहेर असीरगडच्या पायथ्याचं, कापूस वेचून वेचून माझी बोटं सोलली आहेत. खोटी शेती मी कशाला करू? मग तिने बंदुकीचा दिला. तो बसला हाताला.

या खेळात आपलं तोंड आपल्याला दिसत नाही. आपल्याच डोळ्यांनी बघत पुढं जायचं, समोर आपले दोन हात आणि बंदूक, बस. कुठून राक्षस येईल काही भरवसा नाही. पहिल्या आठवड्यात मला इतकी चक्कर यायची की लिंबू हुंगत खेळायची. पण सोडलं नाही.

आता सुनेच्या कामाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. ती आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरात, पुढच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. मोठ्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला खेळ त्या हातातल्या पाटीवर चालवून दाखवायचा. त्याला पोर्ट करणं म्हणतात. म्हणजे असं बघा, चौसोपी घरातलं सगळं सामान दोन खोल्यांत न्यायचं, आणि पाहुण्याला वाटलं पाहिजे की काहीच कमी नाही. पाटीचं डोकं लहान, बॅटरी लहान, आणि खेळ असा दांडगा की मोठी मोठी यंत्रं त्याच्यापुढं धापा टाकतात. नाव सांगणार नाही. सुनेने शपथ घातली आहे, बाजारात यायच्या आधी बोलायचं नाही म्हणून.

मी खेळत होते तोच हा बंदुकीचा खेळ, आणि तो तिच्यासाठी परीक्षाच होता. साहेबांनी आधीच सांगितलं होतं, हे काम नीट झालं तर बुऱ्हाणपुरातूनच करत राहा, नाही झालं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा. आणि माझ्या मुलाचा धंदा केळीचा. केळी काही पुण्याला उचलून नेता येत नाहीत. म्हणजे तिने एकतर नोकरी सोडायची, नाहीतर घर. मला दोन्ही मंजूर नव्हतं, आणि तिला तर बिलकुल नव्हतं.

माझी नणंद गावातच, बुधवाऱ्यात राहते. दर दोन-चार दिवसांनी चक्कर असतेच तिची. मला खेळताना बघितलं की सुरू. "वहिनी, अहो हातात माळ घ्यायची तर तुम्ही बंदूक घेतली?"

मी म्हटलं, "ताई, माळ ओढताना माझं लक्ष भाजीवर असतं. इथं लक्ष हललं की मरतेच."

"आणि सूनबाई याचा पगार घेते?"

"घेते. तुम्हाला लावून देऊ का नोकरी?"

ती तोंडाला पदर लावून हसली, पण जाताना म्हणालीच, "पुण्याला जाईल एक दिवस, बघा तुम्ही."

ते मला लागलं.

चैत्र सरत आला तोवर खेळ शेवटपर्यंत चालायला लागला होता. शेवटी एक किल्ला आहे. दार फुटतं आणि आतून राक्षसांचा लोंढा येतो, धूर, आग, दगड उडताहेत. सून सांगायची की सेकंदाला तीस चित्रं पडद्यावर आली तर खेळ पाण्यासारखा वाहतो, कमी झाली की अडखळतो. किल्ल्यात तीस येत होती. तिने पुण्याला कळवलं, झालं म्हणून. साहेब खूश.

मग मी बिबडे घातले. ज्वारीचे पापडच ते, आमच्याकडे उन्हाळ्यात घालतातच. ते गच्चीवर धोतरावर पसरायचे आणि राखण बसायचं, कारण आमच्या भागात माकडं फार. गेल्या साली अर्धं धोतर साफ केलं होतं त्यांनी. राखणीला घरात मोकळी कोण? मी. टिनाच्या शेडखाली खुर्ची टाकली, शेजारी काठी ठेवली, डोक्यावर ओली ओढणी घेतली, आणि नुसतं बसून काय करू म्हणून सुनेची पाटी घेऊन गेले. बाहेर लू चाललेली, नुसत्या गरम झळा. मी किल्ल्याचं दार फोडलं. राक्षस आले आणि एकदम पेंगायला लागले. मी बटण दाबते आत्ता, गोळी सुटते मग. राक्षसांनी दोन पावलं टाकली, थांबले. पुन्हा दोन टाकली. मग पडदा काळा झाला आणि यंत्र फार तापलंय अशी सूचना आली.

मी जिन्यातूनच ओरडले, "अगं ए, तुझा किल्ला पडला!"

सून धावत वर आली. पाटीची पाठ हाताने बघितली आणि हात झटकला. जराशाने कपाळावर हात मारला. "आई, मी सगळं कूलरसमोर बसून तपासलं हो."

आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं कसं सुचलं नाही? अहो, बुऱ्हाणपुरात उन्हाळ्यात माणूस दुसरीकडे बसतो कुठे? जिकडे कूलर तिकडे खाट, जेवण, काम सगळं. तिच्या अंगावर वारा येत होता तसा यंत्रालाही येत होता. पुण्यात तर ऑफिसच थंड. यंत्र तापलं की ते स्वतःला वाचवायला सावकाश चालतं, आणि खेळ गुडघे टेकतो. हे तिनेच मला समजावलं, शेडखाली उकिडवं बसून.

मी विचारलं, "सांगशील पुण्याला?"

"सांगावं लागेल. झालं म्हणून कळवलेलं काम परत उघडायचं, म्हणजे परीक्षेत नापास होण्यासारखंच आहे."

"मग नको सांगू."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून बिबडे उलटायला लागले.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच शेंगा सोलत होते. मोठा आवाज लावला होता. साहेब म्हणाले, "मॅडम, यंत्र बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय, पस्तीस डिग्रीच्या वर वापरू नका. आपण कशाला त्रास घ्यायचा? माहितीत एक ओळ टाकू, थंड जागी खेळा."

सून म्हणाली, "सर, मग होळीपासून पावसापर्यंत आमच्या गावाने खेळायचंच नाही का?"

"तसं नाही हो. बरं, दुसरा उपाय. किल्ल्यातली गर्दी कमी करा. दहा-बारा राक्षस ठेवा."

मला राहवलं नाही. "अहो साहेब, दहा-बारा राक्षसांचा किल्ला म्हणजे सुट्टीतली शाळा! तिथं जाऊन कोणाला मारू?"

साहेब म्हणाले, "हे कोण बोलतंय?"

"सासू बोलतेय. त्या दाराशी कितीदा मेलेय ते माझं मला ठाऊक. आता जिंकायला आले तर तुम्ही गर्दी पांगवता?"

साहेब हसले, पण मोकळं नाही. म्हणाले, "मॅडम, दोन आठवडे देतो. त्यानंतर आहे तसा जाईल, आणि मग तुमच्या इथून काम करण्याचं बघू."

"बघू" म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं.

सूनबाईने कूलर बंद केला. स्वतःसाठीही. ओला पंचा मानेला बांधून ती त्या भट्टीत बसली आणि एकेक सामान काढायला लागली. लांबच्या झाडांच्या सावल्या काढल्या. धुराचे थर कमी केले. मागच्या रांगेतल्या राक्षसांना विचार करायची घाई नाही म्हणाली, जवळ आले की मग करतील. ओल्या दगडांची चमक गेली. रोज मला विचारायची, "आई, काय कमी वाटतंय?" मी खरं सांगायची. एकदा म्हटलं, मशालींचा उजेड मेलाय. तिने तो परत आणला आणि त्याच्या बदल्यात आकाशातले ढग थांबवले. लढाईत ढग कोण बघतं? पण राक्षस एकही कमी केला नाही. माझा मुलगा म्हणाला, "अगं, चार काढ, कोणाला कळणार?" आम्ही दोघींनी मिळून त्याला खोलीबाहेर घालवलं.

शेवटच्या दिवशी, भर दुपारी, आम्ही गच्चीवर. बिबड्यांची दुसरी घालणी वाळत होती. सून माझ्या मागे मोबाईल धरून उभी, सगळं टिपत होती. म्हणाली, "मधे थांबायचं नाही, आई. थांबलं की यंत्र निवतं, मग ते खोटं ठरेल."

दार फोडलं. लोंढा आला. घाम डोळ्यांत जात होता, पाटी तळव्यांना चटके देत होती, पण चालत होती, वाहत होती. आणि तेवढ्यात कठड्यावर माकड. एक, मग त्याच्या मागे सगळं खानदान. काठी माझ्या पायाशी.

सून हळूच म्हणाली, "आई, बिबडे..."

मी म्हटलं, "खाऊ दे त्यांना!"

माकडांनी खाल्लं, फेकलं, धोतर ओढत कठड्यापर्यंत नेलं. मी मान वळवली नाही. शेवटचा राक्षस पडला तेव्हा गच्चीवर एकही बिबडा शाबूत नव्हता, आणि पाटी चालूच होती.

साहेबांनी ते चित्रण बघितलं. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, गर्दीसकट असाच जाऊ दे. थंड जागेची ओळ मात्र राहील, तो यंत्रवाल्यांचा नियम आहे. राहू दे. वाचतो कोण? आणि सुनेला म्हणाले, "पुढचा खेळही तिथूनच करा. त्याच्या पुढचं नंतर बघू." पुन्हा "बघू" आलाच. पण पुढचा उन्हाळाही इथंच येणार आहे, आणि गच्ची काही कुठं जात नाही.

नणंद आली तेव्हा तिला ताटात बिबडा दिसला नाही. "वहिनी, एवढी राखण बसलात, आणि बिबडे कुठं गेले?"

"माकडांनी खाल्ले, ताई."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"सुनेला पुण्याला जाऊ देत नव्हते," मी म्हटलं, आणि तिला कैरीचं पन्हं दिलं.