सगळ्यांना सारखी जागा

रॅब्सन लिकोंग्वेइतका भिडस्त माणूस मी झोम्बा शहरात दुसरा पाहिला नाही. आमच्या संस्थेचे सगळे संगणक त्याच्या ताब्यात, त्यामुळे त्याच्या खोलीबाहेर सकाळपासून मागणाऱ्यांची रीघ. मी शेजारच्या ग्रंथालयात बसते. मधली भिंत पातळ आहे, म्हणून तिकडचं सगळं मला ऐकू येतं, ऐकायचं नसलं तरी.

आमची संस्था तळ्यांचा आणि माशांचा अभ्यास करते. जे काही मोजलं जातं ते एकाच मोठ्या सर्व्हरवर, एकाच सामाईक डिस्कवर साठतं. सामाईक म्हटलं की माणसं कशी वागतात ते काही मी सांगायला नको. एका प्राध्यापकांनी तिच्यावर मुलीच्या लग्नाची अख्खी चित्रफीत ठेवली होती, व्याह्यांच्या नाचासकट, आणि तीही दोनदा. कुणाचे सिनेमे, कुणाची चर्चमधली गाणी. डिस्क भरली की सर्व्हर आडवा व्हायचा आणि सगळे रॅब्सनवर तुटून पडायचे. मग तो एकेकाकडे जागा रिकामी करा म्हणून सांगायला जायचा, चहा प्यायचा, घरच्यांची खुशाली विचारायचा आणि परत यायचा.

"सांगितलंस का त्यांना?" मी विचारायची. आमच्याकडे मानानं बाईला अमायी आणि पुरुषाला बाम्बो म्हणतात.

"अमायी, त्यांचा मेहुणा आजारी आहे हो. अशात कसं सांगणार?"

"मेहुण्याचा ताप डिस्कला चढलाय का?"

तो हसायचा आणि खोलीत जाऊन बसायचा. आम्हा सगळ्यांनाच तो आवडायचा आणि आम्ही सगळेच त्याचा फायदा घ्यायचो.

शेवटी डायरेक्टरबाईंनी दम भरला तेव्हा त्यानं कोटा लावला. काय केलं ते मला समजावताना स्वारी अशी खुलली होती की विचारू नका. "नावं घेऊन जागा वाटली असती ना अमायी, तर प्रत्येक जण भांडायला आला असता. म्हणून मी कुणाचं नावच घेतलं नाही. ज्याचं काही वेगळं ठरलेलं नाही, त्याला आपोआप ठरावीक जागा. उद्या नवा माणूस आला तर त्यालाही तेवढीच. जागा संपली की मशीन त्याला ई-मेल पाठवतं. पुढे आठवडाभर सवलत. तेवढ्यात पसारा आवरला तर ठीक, नाहीतर मशीन त्याचं काही घेत नाही."

"आणि एखाद्याला खरंच जास्त लागली तर?"

"त्यानं येऊन मागावी. खरी गरज असली तर देईन. पण मागायला हवी."

"आठवडाच का पण?"

"मशीनमध्ये आधीपासून आठवडाच होता. मी हात नाही लावला."

त्याच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते. कुणी भांडायला आलं की तो पडद्याकडे बोट दाखवायचा, "मी कुठं अडवतोय, बाम्बो? मशीन अडवतंय." लग्नाच्या चित्रफितीवाले प्राध्यापक एक जिवंत कोंबडी घेऊन आले. रॅब्सननं ती घेतली नाही, पण नाकारल्याचं इतकं वाईट वाटलं की ती काखेत धरून त्यांच्या गाडीपर्यंत पोचवायला गेला.

त्याच वर्षी चिल्वा तळं आटत होतं. ते कमी-जास्त नेहमीच होतं, पण पार तळापर्यंत कोरडं पडणं क्वचितच. आमची संशोधक विद्यार्थिनी एस्नाट नामाओना नेमका त्यावरच प्रबंध लिहीत होती. तळ्याकाठच्या काचुलू गावाच्या धक्क्यापुढे तिनं पाण्यावर एक तरंगतं यंत्र सोडलं होतं. ते सतत पाण्याची खोली मोजायचं, पाण्यात माशांना श्वासापुरती हवा उरलीय का ते बघायचं, फोटो काढायचं आणि सगळं सर्व्हरवर तिच्या नावे पाठवायचं. पाणी संपत येतं तेव्हा शेवटी काय होतं, हे तिला टिपायचं होतं. तेच तिच्या प्रबंधाचं सार होतं. तळं पुन्हा असं आटेल तेव्हा ती म्हातारी झालेली असेल.

आणि ऐन त्या वेळी तिच्या गावी, मुलांजेला, तिची आई वारली.

संस्था बंद करून आम्ही सगळे लॉरीतून मातीला गेलो. बायका वाटभर गात होत्या. घरात एस्नाट चटईवर आईजवळ बसली होती, चितेंजेचं कापड डोक्यावरून पुढे ओढलेलं. पुरुष रांगेनं आत येऊन गुडघे टेकून "पेपानी, पेपानी" म्हणून सांत्वन करत होते. रॅब्सनही आला, वाकला, पुटपुटला, बाहेर गेला. त्याचे डोळे लाल होते. दुसऱ्यांच्या घरच्या मातीलाही तो असाच रडतो.

पुरणं झालं, आम्ही परतलो. एस्नाट थोरली मुलगी. सुतक फिटून घर झाडून निघेपर्यंत तिनं तिथंच राहायचं होतं, आणि राहिली.

पुढे एका सकाळी ग्रंथालयातला फोन वाजला. काचुलूचा बोटवाला, तिच्या यंत्रावर लक्ष ठेवणारा, बोलत होता. "अमायी, त्या यंत्राचा हिरवा दिवा लाल झालाय. मला वाटलं आपोआप हिरवा होईल, म्हणून वाट पाहिली. एस्नाटचा फोन बंद आहे."

"पाणी किती आहे रे?"

"कसलं पाणी? होतं ते घोट्याएवढं. आता नुसता चिखल. करकोचे फिरतायत त्यात."

मी उठून रॅब्सनच्या दारात गेले आणि ऐकलं ते सांगितलं. त्यानं काही बटणं दाबली, पडद्यावरची नोंद वाचली. मग म्हणाला, "तिचा आठवडा संपला. पण ती मागायला आलीच नाही."

माझा तोल गेला. "मेलेल्या आईला सोडून ती तुझ्याकडे जागा मागायला येणार होती?"

"फोटोंनी तिची जागा भरली, अमायी. आपण मातीला निघालो ना, त्याच सकाळी पडद्यावर तिचं नाव लाल झालेलं पाहिलं होतं मी."

"पाहिलं होतंस? आणि तिच्यासमोर जाऊन बसलास?"

"म्हटलं, आठवडा आहे. तिनं न मागता दिली असती तर बाकीचे म्हणाले असते, हिला कशी मिळाली? आणि तिथं सांगायचं तरी कसं? घरात मयत, आणि मी डिस्कचं बोलू?"

"एस्नाटला कशाला सांगायचं? मला सांगायचंस. स्वतःच वाढवून द्यायचीस!"

त्यानं तेव्हाच तिची जागा वाढवली. चुटकीसरशी झालं ते काम. दिवा हिरवा झाला, फोटो यायला लागले, सगळे चिखलाचे. त्या यंत्राची स्वतःची साठवण अगदी थोडी. सर्व्हर घेत नाही म्हटल्यावर ते जुनं पुसून त्यावर नवं लिहीत राहिलं होतं. पाण्याचे शेवटचे दिवस गेले ते गेलेच.

दुपारच्या मिनीबसनं तो मुलांजेला निघाला. एकटा गेला तर दारातूनच परत येईल, म्हणून मीही गेले. माझी चूक झाली हे म्हणणं, खोटं नाही सांगत, त्याला जमलं. एस्नाटनं सगळं शांतपणे ऐकलं.

"तुम्ही माझ्यासमोर गुडघे टेकलेत, बाम्बो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

आमच्यासाठी मक्याच्या पिठाची न्सिमा वाढायला ती आत गेली आणि ताट दुसऱ्या मुलीच्या हाती पाठवलं.

त्या दिवसापासून तिनं रॅब्सनची खुशाली विचारणं सोडलं. आमच्याकडे हाडवैरीसुद्धा समोर आले की आधी एकमेकांना कसे आहात म्हणून विचारतात, मग भांडतात. ती वऱ्हांड्यात त्याच्या शेजारून जायची आणि भिंतीकडे बघायची. मला ते पाहवत नसे. तिची बाजू बरोबर होती, तरी पाहवत नसे. रॅब्सननं सवलतीची मुदत वाढवली. कुणाचं नाव लाल झालं की तो त्या माणसाकडे जातो आणि आता चहाच्या आधी मुद्द्याचं बोलतो, मग तिथं मेहुणा आजारी असो की मयत असो. चारचौघांत लोक त्याला तुसडा म्हणायला लागले.

पुढच्या वर्षी एस्नाटच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. सभागृह भरलेलं. पडद्यावर पाण्याच्या पातळीची रेघ उतरत उतरत आली आणि शेवटाजवळ तुटली. पुढे मोकळी जागा, मग चिखल. लांबून आलेल्या पाहुण्या परीक्षकांनी तिथंच बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"त्या दिवसांत माझी आई वारली," एस्नाट म्हणाली.

आमच्या दोन्ही परीक्षकांनी माना खाली घातल्या. यापुढे आमच्याकडे कुणी काही विचारत नाही. पण पाहुणे म्हणाले, "ऐकून वाईट वाटलं. पण यंत्र तर आपोआप चालत होतं ना? ते का थांबलं? हे कळलं नाही तर बाकीचे आकडे तरी मी कशाच्या भरवशावर खरे मानू?"

तिचा प्रबंधच पणाला लागला होता. वडीलधाऱ्या माणसाचं नाव भर सभेत, डायरेक्टरबाईंसमोर घेणं तिच्या जिभेवर येईना.

पडद्याचं यंत्र सांभाळायला रॅब्सन भिंतीशी उभा होता. तो पुढे आला. "यंत्र थांबलं नव्हतं, सर. तळं पाठवत होतं, मी घेतलं नाही." मग त्यानं सगळं सांगितलं. कोटा, आठवडा, लाल झालेलं नाव, चटईसमोर टेकलेले गुडघे. काही वगळलं नाही. डायरेक्टरबाई त्याच्याकडे रोखून बघत होत्या. पाहुण्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, सर्व्हरवरची नोंद पाहायला मागितली. त्यानं ती लगेच पडद्यावर आणली. मग ते म्हणाले, "म्हणजे मोजमापात खोट नाही," आणि पुढचं पान उलटलं.

एस्नाट उत्तीर्ण झाली. बाहेर चहा आणि तळलेल्या मंदासी मांडल्या होत्या, फोटो चालले होते. रॅब्सन कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे गेली आणि वडीलधाऱ्यांसमोर वाकतात तशी गुडघ्यात वाकली.

"कसे आहात, बाम्बो?"

याला आमच्याकडे एकच उत्तर असतं, बरा आहे, तुम्ही कशा आहात? ताप असो, घर जळालेलं असो, उत्तर हेच. रॅब्सननं कप घेतला.

"बरा नव्हतो, पोरी," तो म्हणाला. "वर्षभर बरा नव्हतो."

"मीही नव्हते," एस्नाट म्हणाली आणि तिथंच, त्याच्याजवळ जमिनीवर बसली.