लाल्या-काळ्याची शेवटची मारामारी

"आवाज छान आहेत. पण हे दोघं एकमेकांना मारतायत असं वाटतच नाही," फोनवर मुंबईच्या क्लायंटची सुपरवायझर बोलत होती. "उद्या संध्याकाळपर्यंत नवीन टेक पाठवा. नाहीतर शेवटचा एपिसोड आम्ही इकडच्या कलाकारांकडून करून घेऊ."

लातूरला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. एरवीची कामं म्हणजे रिक्षावर वाजणाऱ्या जाहिराती आणि सभांच्या अनाउन्समेंट. त्या वर्षी दुष्काळ होता. दुकानांच्या जाहिराती थांबल्या होत्या. 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'वाल्यांचे मोर्चे तेवढे चालू होते. त्यांना दर वेळी नवी तारीख घालून अनाउन्समेंट करून द्यायचो. अशात एका जपानी ॲनिमे मालिकेचं मराठी डबिंग मिळालं. महिनोन्‌महिने खपून आम्ही शेवटच्या भागापर्यंत आलो होतो.

गोष्ट दोन पोरांची. एका गुरूकडे वाढलेली, एका ताटात जेवलेली. शेवटच्या भागात ती दोघं कोरड्या नदीच्या पात्रात एकमेकांसमोर उभी राहतात. जपानी नावं आमच्या तोंडात बसेनात. म्हणून लाल केसांचा तो लाल्या, दुसरा काळ्या.

डबिंगमध्ये पोरांचे आवाज बरेचदा बायका देतात. खऱ्या पोराचा आवाज मालिका संपेपर्यंत फुटतो. आमचा लाल्या म्हणजे अनिता, किल्लारीच्या शाळेत शिक्षिका. काळ्या म्हणजे महानंदा. लातुरात तिच्या सासरचं भांड्यांचं दुकान आहे. आम्ही तिघं एका कॉलेजचे. तिथल्या एकांकिकेत मुख्य भूमिका महानंदाची होती. स्पर्धेच्या तोंडावर तिचं लग्न ठरलं आणि घरच्यांनी तालीम बंद केली. ती भूमिका अनितानं केली, पहिलं बक्षीस आणलं. मी तेव्हा विंगेत टेपरेकॉर्डर सांभाळत होतो. दोघींची मैत्री टिकली. त्या विषयावर मात्र कोणी कधी बोललं नाही.

डबिंगची पद्धत अशी, की एका वेळी एकच कलाकार बूथमध्ये उभा राहतो. चूक झाली तर तेवढाच तुकडा बदलता येतो. दोघांना एकत्र घेतलं, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. त्याला आम्ही लीक म्हणतो. लीक झालेलं कापता येत नाही. म्हणून शेवटची मारामारीही मी दोघींची वेगवेगळ्या दिवशी घेतली होती. फोन ठेवल्यावर ती पुन्हा ऐकली. सुपरवायझरचं खरं होतं. दोन माणसं दोन गावांत भांडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघींना बोलावलं. बूथमध्ये दोन माइक समोरासमोर लावले. अनिता किल्लारीहून जीप पकडून वेळेत आली. महानंदा तासभर उशिरा आली. पदर ओला, आवाज बसलेला.

"गल्लीत टँकर आला होता, शिवा. सकाळपासून घागरी वाहायलेय. वरडून वरडून नंबर धरावा लागतो."

"जमेल का?"

"मला न जमलं तर काय होतं, विचार तिला," ती अनिताकडे बघत म्हणाली.

पहिला टेक वाया गेला. दोघी एकमेकींची ओळ संपायची वाट बघत होत्या. हाणामारीत असं कोणी थांबतं का? मी काचेबाहेरून तसं सांगितलं. महानंदा बाटलीतलं घोटभर पाणी प्याली. मग माइक चालू आहे हे विसरून बोलली.

"अने, एक विचारू? त्या वर्षी मी असते, तर बक्षीस तुला भेटलं असतं?"

अनितानं हातातली स्क्रिप्ट मिटली. "न्हाई," ती म्हणाली. "ते तुझंच होतं. मला स्टेजवर बी ठाऊक होतं."

"मग एवढ्या वर्षांत बोलली का न्हाईस?"

"तू विचारलंच न्हाईस."

मी बाहेरून बूथमध्ये बोलायचं, टॉकबॅकचं बटण दाबणार होतो. हात मागे घेतला. महानंदाच म्हणाली, "शिवा, लाव चित्र."

मार बसताना, धाप लागताना जे आवाज निघतात त्यांना आम्ही एफर्ट म्हणतो. संवादापेक्षा ते अवघड. दोन-तीन टेकमध्ये गळा जातो. चित्रात काळ्या धावून आला आणि महानंदानं जो एफर्ट काढला, तसा मी इतक्या वर्षांच्या धंद्यात ऐकला नव्हता. मीटरचा काटा लाल रेघेवर गेला. अनितानं तिची ओळ तोडून आपली घुसवली. कोण कोणावर ओरडतंय ते कळेना, आणि तरी एकेक शब्द चित्रातल्या ओठांवर बसत होता. मध्ये एका जागी चित्र थांबतं. दोघं पोरं नुसती बघत उभी असतात. तिथं स्क्रिप्टमध्ये काहीच लिहिलेलं नाही. बूथमध्ये फक्त दोन श्वास चालू होते. लीक, लेव्हल, काही सुचेना. मी हात जोडल्यासारखा बसलो होतो.

शेवटी काळ्या पडतो. बसलेल्या गळ्यानं महानंदा म्हणाली, "जा आता. तुझी वाट मोकळी हाय." 'हाय' स्क्रिप्टमध्ये नव्हतं. लाल्याची ओळ होती, 'हरलास तू.' अनिता ती बोललीच नाही. ती म्हणाली, "ऊठ ना रे."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. दोघी घामानं निथळत होत्या. महानंदा खाली बसली होती. अनितानं हात दिला, तर ती म्हणाली, "थांब, बसू दे."

संध्याकाळी मुंबईहून फोन आला.

"मी तीनदा ऐकलं," सुपरवायझर म्हणाली. "कुठले हो हे कलाकार?"

"इथलेच. एक शाळेत शिकवते, एक दुकान बघते."

"फाईट पास. 'हाय'चं 'आहे' करा. आणि शेवटची ओळ मूळ स्क्रिप्टप्रमाणे लागेल. ओठही जुळत नाहीत तिथे."

पुढच्या रविवारी दोघी आल्या आणि, तिथं लीक नसल्यानं, तेवढे दोन तुकडे नव्यानं देऊन गेल्या. टीव्हीवर लागलं तेव्हा लाल्या 'हरलास तू' असंच म्हणाला. क्लायंटची ओळ क्लायंटची असते, त्यात आपण पडू नये. पण भांडणाचा सीन मी त्यानंतर एकेकट्याला उभं करून कधी घेतलेला नाही. लीक होतं. होऊ देतो.