नाव घेतलं की कटलं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. श्रीगोंद्यात आमच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर आम्ही रोज सकाळी पेपर वाचायला जमतो. पेपर अर्ध्या तासात संपतो आणि घरी लवकर गेलं की बायको दळण आणायला पाठवते. मग बसून काय करायचं? त्यात आमच्यातला एक सोडला तर प्रत्येक जण संशयी. साध्या माणसाला एका घटनेत एकच गोष्ट दिसते, संशयी माणसाला तीन दिसतात. त्यामुळे आमच्याकडे साठा भरपूर आहे.

आमचा लाडका विषय म्हणजे पुढचा राष्ट्रपती कोण! निवडणूक अजून लांब आहे. आम्हाला त्यात मत नाही. मत आमदाराला असतं आणि तो आम्हाला विचारायला येत नाही. तरी गल्लीतली गटार तुंबली तर आम्ही एक दिवस बोलतो आणि राष्ट्रपतीवर वर्षभर.

आम्ही म्हणजे चौघं. बापू जगताप एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला. आयुष्य विनातिकीट प्रवासी हुडकण्यात गेल्यामुळे समोरच्यानं तिकीट काढलं असेल यावर त्याचा विश्वासच बसत नाही. देशपांडे गुरुजींनी गणित शिकवलं, म्हणून ते कशाचीही उकल करू पाहतात. मी मोजणी खात्यातला. दोन शेजाऱ्यांच्या बांधावर उभं राहून नोकरी केलेला माणूस भोळा राहत नाही. आणि चौथे कांबळे सर. हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. आमच्यात संशय न घेणारे तेवढे एकटेच. ते पेपर शेवटच्या पानापासून वाचतात आणि आमचे अंदाज ऐकून मान हलवतात. स्वतःचा अंदाज कधी सांगत नाहीत.

*

बापूचा नियम मागच्या खेपेला जन्माला आला.

पेपरात 'राष्ट्रपतीपदासाठी यांची नावं चर्चेत' म्हणून पाच फोटो आले होते. बापूनं पेपर हातात घेतला, पाचही फोटोंवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे पाची कटले." गुरुजींनी कारण विचारलं. बापू म्हणाला, "ज्याला करायचं असतं त्याचं नाव कुनी घेत न्हाई. ज्याला कापायचं असतं त्याचं नाव आधी सोडत्यात."

पुढे झालंही तसंच. पाचांपैकी कुणीच नाही, भलतंच नाव आलं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम पक्का झाला, की नाव घेतलं की कटलं. बापूचा भाव इतका वाढला, की पुढचे आठ दिवस त्यानं चहाचे पैसे दिले नाहीत. (आधीही देत नव्हता, पण आता हक्कानं देत नव्हता.)

*

गुरुजींना हा नियम अडाणी वाटायचा. त्यांची स्वतःची पद्धत होती. एका सकाळी ते सुरू झाले. उत्तरेला मिळालं, दक्षिणेला मिळालं, पूर्वेलाही मिळालं, म्हणजे आता पाळी पश्चिमेची. पश्चिमेत महाराष्ट्र. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला सगळं मिळतंच, तेव्हा या वेळी आपला नगर जिल्हा. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेची सवय जात नाही.) जिल्ह्यात उत्तरेकडे कारखाने फार, तिकडे आपसात जमायचं नाही. म्हणजे दक्षिण. राजकारणी नको, शिक्षण क्षेत्रातला हवा. वय सत्तरच्या पुढं, प्रकृती धडधाकट, व्यसन नाही.

बापूचे डोळे बारीक होत चालले होते. शेवटी त्यानं गुरुजींच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गुरुजी, आता उतरा. फुडचा स्टॉप तुमच्या दारात हाय."

*

एकदा कोपरगावकडे एका कारखान्याच्या कार्यक्रमाला परराज्याचे राज्यपाल येणार होते. बापूला लगेच वास आला. राज्यपालाला उसाचं काय काम? हा माणूस राष्ट्रपती व्हायला निघालाय आणि शेतकऱ्यांत फोटो काढून घ्यायला आलाय, असं त्याचं म्हणणं. एसटीचा पास होताच. गडी सकाळची गाडी धरून कोपरगावला गेला.

दुसऱ्या दिवशी आला तो तोंड पाडून. आम्ही विचारलं, राज्यपाल दिसले का? दिसले. काय म्हणाले? मला कुठल्याही पदाची इच्छा नाही, असं म्हणाले. मग? बापू म्हणाला, इच्छा नाही असं भर सभेत सांगतो म्हणजे आतून लई इच्छा आहे. पण त्याचं दुःख वेगळंच होतं. मंडपाच्या दाराशी पोलिसानं बापूला अडवून नाव विचारलं होतं आणि मोठ्यानं साहेबाला सांगितलं होतं.

"दोनदा घेतलं माझं नाव," बापू म्हणाला. "आता मी कटलो."

"कशातून?" गुरुजींनी विचारलं.

"तेच तर कळंना!"

*

बापूनं हा नियम घरीही लागू केला. त्याला दुसरी गाय घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघं काष्टीच्या बाजाराला गेलो. तिथं एक काळी गाय त्याला बघताक्षणी आवडली. गाय खरंच नामी होती. पण बापू तिच्याकडे ढुंकून बघेना. मला म्हणाला, "तिचं नाव काढू नका, दलालाला कळंल." आणि शेजारच्या तांबड्या गाईपाशी जाऊन तिचे दात बघ, शेपूट बघ, किंमत काढ असं सुरू केलं. तांबडीचं इतकं कौतुक केलं, की माणसं जमली.

तेवढ्यात पाठीमागून पारनेरचा एक शेतकरी आला, काळीचा भाव विचारला, पैसे दिले आणि दावं धरून चालू लागला. तिला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे स्वस्तात मिळाली. इकडे दलालानं तांबडीचं दावं बापूच्या हातात दिलं. चार माणसांसमोर एवढी तारीफ केल्यावर नाही कसं म्हणणार?

येताना टेम्पोत बापू तांबडीकडे बघत बसला होता. मला वाटलं, नियमातली खोट त्याला उमगली. गाव जवळ आल्यावर तो म्हणाला, "तो पारनेरवाला कुनीतरी पाठवलेला हुता."

*

एवढं होईपर्यंत आमच्या वाचनालयाचीच निवडणूक आली. जुने अध्यक्ष थकले होते आणि सर्वसाधारण सभेत नवा अध्यक्ष निवडायचा होता. एरवी आम्ही तिकडे लक्षही दिलं नसतं. पण वाचनालयाच्या खालच्या खोलीत अभ्यासिका आहे. कांबळे सर निवृत्त झाल्यापासून ती त्यांनीच चालवली. गावातली, वाड्यावस्त्यांवरची मुलंमुली तिथं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. सर त्यांना रोज शिकवतात, एक पैसा न घेता. तिथून पोरं तलाठी झाली, फौजदार झाली. एक मुलगी आता कुठंतरी तहसीलदार आहे.

आणि ती खोली नेमकी रस्त्याला लागून आहे. गावातले दुकानदार शेळकेशेठ बरेच दिवस सांगत होते, की तिथं शटर लावून गाळे काढले तर वाचनालयाला कायमचं उत्पन्न होईल. शेळकेशेठना अध्यक्ष व्हायचंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते झाले की अभ्यासिका गेली, हेही ठाऊक होतं. हल्ली आम्हाला पायऱ्यांवर त्यांच्या दुकानातून चहा येऊ लागला होता. बापू तो प्यायचा, पण प्रत्येक घोटाला संशयानं कपात बघायचा.

अध्यक्ष कांबळे सरच व्हायला हवेत, यावर आम्हा तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. गावातही बहुतेकांचं तेच मत होतं. फक्त एक काळजी घ्यायची होती. सरांचं नाव कुणाच्या तोंडून फुटता कामा नये!

आम्ही ती फार कसोशीनं घेतली. हॉटेलात एक तरुण मास्तर सहज म्हणाला, की कांबळे सरच होतील. बापूनं त्याला बाहेर नेऊन कुणी पाठवलं म्हणून दरडावलं. बिचाऱ्यानं पुन्हा हॉटेलाचं तोंड पाहिलं नाही. गुरुजी तर घरीसुद्धा 'ते' म्हणू लागले. सर पायऱ्यांकडे येताना दिसले की आम्ही बोलणं बंद करायचो. ते येऊन बसायचे, आम्ही आभाळाकडे बघायचो.

एकदा बापूला राहवलं नाही. त्यानं सरांना दिलासा दिला.

"सर, तुमी काळजी करू नका. तुमचं नाव आमी कुनी घेत न्हाई."

 सर "बरं" म्हणाले आणि पेपरचं शेवटचं पान उघडलं.

*

सभा रविवारी झाली. हॉल भरला होता. सर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांची मुलगी पुण्याहून खास आली होती. ती मागच्या खुर्चीत मोबाईल हातात धरून बसली होती, वडिलांचं नाव पुकारलं की व्हिडिओ काढायचा म्हणून.

चिटणीस उभे राहिले आणि म्हणाले, अध्यक्षपदासाठी नावं सुचवा.

कुणी बोलेना. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सरांचं नाव आधी घ्यावं तर कटायचं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत होता. त्यात दुसरा घेईल तो नक्की कापायला घेईल, असाही संशय होताच. चिटणीसांनी पुन्हा विचारलं. पलीकडच्या रांगेत शेळकेशेठचा माणूस खुर्चीवरून उठू लागला. तो आता कुणाचं नाव घेणार ते उघड होतं.

आणि बापूचं डोकं चाललं. शत्रूचं नाव आपणच आधी सोडलं, की तो कटला! बापू ताडकन उठला.

"शेळकेशेठ!" तो ओरडला. कंडक्टरचा आवाज, शेवटच्या सीटपर्यंत गेला.

गुरुजींना बापूचा डाव लगेच कळला. इतके दिवस त्याच्या नियमाला अडाणी म्हणणारा माणूस त्या क्षणी इतका हरखला, की हात वर करून म्हणाला, "माझं अनुमोदन!"

शेळकेशेठचा माणूस अर्धवट उठला होता, तो तसाच खाली बसला. त्याचं काम झालं होतं. खुद्द शेळकेशेठ आ वासून आमच्याकडे बघत होते. चिटणीसांनी विचारलं, दुसरं नाव आहे का? आम्ही तिघंही नियम पाळून गप्प बसलो. शेठ एव्हाना कटलेच आहेत, मग सरांचं नाव काढून घाई कशाला करायची? बाकीच्या गावाला वाटलं, सरांचे दोस्तच जर शेळकेशेठचं नाव घेतायत, तर सरांनाच नको असेल.

एकमेव नाव आल्यानं शेळकेशेठ बिनविरोध निवडून आल्याचं चिटणीसांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. बापू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता कटंल बघा." मग हार आला. हार गळ्यात पडला तेव्हा बापूचा चेहरा उतरला.

मी मागे वळून बघितलं. सरांची मुलगी मोबाईल पर्समध्ये ठेवत होती. सर टाळ्या वाजवत होते.

*

नंतरचे काही दिवस आम्ही पायऱ्यांवर फिरकलो नाही. काय तोंड दाखवणार? मग एका सकाळी सवयीनं एकेक जण आला. सर आधीच येऊन बसले होते. खालच्या खोलीत फॅब्रिकेशनवाला शटरची मापं घेत होता. मुलं आपापल्या पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती.

बापूनं सरांकडे न बघता सांगितलं, की त्याच्या मनात तसं नव्हतं. गुरुजी म्हणाले, आमचं सगळ्यांचं ठरलंच होतं, तुमच्याशिवाय दुसरं कुणी आमच्या डोक्यातच नव्हतं. सर म्हणाले, माहीत आहे मला, रोज इथंच तर बसतो. 

पेपरात नेमके पुन्हा राष्ट्रपतीपदाच्या चर्चेतले फोटो आले होते. बापूनं त्यांच्यावर बोट फिरवलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून गुरुजींनी सरांना विचारलं, की इतकी वर्षं तुम्ही नुसतं ऐकताय, आज तुमचा अंदाज सांगा, पुढचा राष्ट्रपती कोण?

सरांनी पेपरची नीट घडी घातली.

"कांबळे," ते म्हणाले.

बापू फोटो पुन्हा बघू लागला. "कोन कांबळे? ह्यात तर कुनी न्हाई."

"मी," सर म्हणाले. "कटणार ते माहीत आहे, बापू. पण एकदा तरी कुणीतरी मोठ्यानं घ्यायला हवं होतं. म्हणून मीच घेतलं."