दोरीपाशी दबलेलं कपाळ

आठवीत शाळा सुटली आणि परभणीकडून मी वालीवच्या कारखान्यात आलो. रविवारी दादा मला रांगोळी शिकवायचा. दादा म्हणजे वालीवशेजारच्या गावातला, रांगोळीत चेहरे काढण्यात नाव असलेला माणूस. रंग त्याचे, चहा त्याच्या घरचा. दिवाळीच्या प्रदर्शनात त्याच्या शेजारची जागा त्यानंच मला मिळवून दिली. हे उपकार मी विसरत नाही. तरी त्याच्या चिमटीतून रंग सुटताना पाहिला की हा हात माझा का नाही, असं वाटायचं.

त्यानं म्हातारी कोळीण काढली, मी माझी आई. फोटोवर चौकोन आखून मोजून मोजून उतरवली. लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीकडे बोट करून दादा दोनदा म्हणाला, "उठ रे, दोरीपाशी जाऊन बघ. लोक तिथनं बघनार." मी उठलो नाही. उठलो तर हाताला लागलेली लय मोडेल, ही भीती.

इथल्या साप्ताहिकात प्रदर्शनावर सर लिहायचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. दादाच्याच आळीतले. अंक आला, दादावर नऊ ओळी, माझ्यावर एक. 'हात स्वच्छ आहे, पण कपाळ दोरीपासून दबलेलं दिसतं.' मनात म्हटलं, गाववाला गाववाल्याचंच लिहिणार.

दुसऱ्या दिवशी सर हॉलवर भेटले. धीर करून विचारलंच, "सर, दादा तुमच्या आळीतले म्हणून का त्यांच्यावर नऊ ओळी?"

सर हसले. "मागच्या वर्षी मी काय लिहिलं होतं, विचार त्याला. होळीपर्यंत बोलत नव्हता माझ्याशी." मग मला दोरीपाशी उभं केलं. "जमिनीवरचं चित्र इथून आखूड दिसतं. वरचा भाग ताणून काढायचा असतो. तू आईला कपाळच ठेवलं नाहीस."

खरंच नव्हतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "छापून आलं का रं?"

मी दादावरच्या नऊ ओळी वाचल्या. 'कोळीण' आलं तिथे 'आई' म्हटलं. 'आई' आलं ती ओळ तिनं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "आन् त्या दादाचं काय लिव्हलंय? त्यानंच शिकवलं ना तुला?"

मी माझी ओळ वाचली.

"आगं बाई, चुकलं व्हय त्याचं. तू दाखव की त्याला, कसं काढायचं ते."

"दाखवतो," म्हणालो.

रविवारी दादानं घडी केलेला अंक माझ्यापुढे धरला. "एक जास्तीचा घेतलाय. आईला धाड, तुझं पन आलंय त्यात."

तो अंक अजून माझ्या गादीखाली आहे.