विहिरीचा प्लॉट

लातूरचा जिल्हा झाला आणि गावाबाहेरच्या ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा पडल्या. त्या रेघांना लेआउट म्हणायचे. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या उघडल्या, बाहेरगावचे साहेब लोक आले, सगळं महागलं. कुणी कुरकुर केली की दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, "जिल्हा झालाय आता!"

हे वाक्य मनावर घेणारा माणूस म्हणजे माझे वडील. नव्या कचेरीत ते कारकून होते. आम्ही बौद्ध. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या खेड्यात आजी घागर घेऊन विहिरीपासून लांब बसायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. लेआउटमधल्या एका प्लॉटवर शेतमालकाची जुनी विहीर होती. जागा अडते म्हणून तो प्लॉट कुणी घेईना. वडिलांनी तोच घेतला. आई चिडली, तर म्हणाले, "जिल्ह्याच्या गावात कोन कुनाची जात इचारतंय? आपल्या हिरीवर समदे येतील बघ."

त्यांनी रहाट बसवला, नवा दोर आणि नवा पोहरा टांगला. तीन-चार वर्षं कुणी फिरकलं नाही. कॉलनीत नळ होते, दोनमजली बंगले उठत होते, गच्च्यांवर टाक्या चढत होत्या.

मग पाऊस रुसला. एक वर्ष, मग दुसरं. नळ कोरडे पडले आणि आमच्या फाटकाशी रांग लागली. वडील इतके खुश की सकाळी कचेरीला जायचा त्यांना विसर पडायचा. पण प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पोहरा होता. आमचा पोहरा सोडून ठेवायचे, आपला दोराला बांधायचे, पाणी काढलं की परत सोडून न्यायचे. समोरच्या बंगल्यातल्या काकूंना वडिलांनी हसत विचारलं, "काकू, आमचा पोहरा हाय की." त्या गोड हसल्या. म्हणाल्या, "राहू द्या हो. रोज वापरून तुमचा पोहरा झिजेल."

रात्री जेवताना आई फणकारली, "पोहरा झिजतोय म्हनं! चपला हायत का त्या?" वडील म्हणाले, "ज्याची त्याची सवय आसती. हुईल हळूहळू." मला आईचं पटलं होतं, पण वडिलांचा चेहरा बघून मी भाकरी वाढायला उठले.

उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. गाळ काढल्याशिवाय झरा मोकळा होणार नव्हता. गाळ काढायला कॉलनीतलं कुणी उतरलं नाही. वडील आणि गावाकडून आलेले दोन चुलते उतरले. दुपारपर्यंत झरा लागला. गढूळ पाणी निवळल्यावर वडिलांनी पहिली घागर भरून स्वतः काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवली, कारण त्यांच्या घरी सून बाळंत झाली होती. काकूंचे डोळे भरून आले. "देवासारखे आहात," त्या म्हणाल्या. आम्हाला फार बरं वाटलं.

संध्याकाळी वर काढलेल्या गाळात एक पितळी पोहरा सापडला. मागे काकूंच्या हातून दोर तुटून तो विहिरीत पडला होता. वडील चिखलानं माखलेले तसेच तो घेऊन गेले. पाठोपाठ मीही. काकूंनी पोहरा त्यांच्या हातून घेतला नाही, "तिथं खाली ठेवा," म्हणाल्या. मग आमच्यादेखत राख आणली, पोहरा आतून-बाहेरून घासला, आणि दुपारच्या त्याच घागरीतलं पाणी ओतून विसळला. गाळासाठी एकदा विसळणं मी समजू शकते. त्यांनी तीनदा विसळला. तिसऱ्यांदा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या.

वडील घरी येऊन आंघोळ न करताच बसले. एवढंच म्हणाले, "आपलं पानी चालतंय, आपला हात चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मुरमाचे ट्रॅक्टर आले. आई हात जोडून म्हणाली, दुष्काळ हाय, पानी लागलंय, आसं करू नका. वडिलांनी ऐकलं नाही. आपलंही पाणी तुटणार हे त्यांना कळत होतं. पहिला ट्रॅक्टर विहिरीत रिकामा झाला तशा काकू रिकामी घागर घेऊन धावत फाटकाशी आल्या.

"अहो, भरली विहीर बुजवता कशाला?"

"पोहरा झिजतोय ओ, काकू," वडील म्हणाले, आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला हात केला.