एक्स्पीरियन्सच्या रकान्यातली सव्वीस वर्षं

हातकणंगल्याची आक्काताई मगदूम आठ महिन्यांपूर्वी कोल्हापुरात मुलींच्या एका वसतिगृहात नोकरी मागायला गेली, तेव्हा मी तिच्याबरोबर होते. आम्ही दोघी आता कळंब्याला शेजारी राहतो, सकाळी जैन मंदिरात दर्शनाला बरोबर जातो. जागा स्वयंपाकिणीची होती. तिथले व्यवस्थापक विजयसिंह फॉर्म भरून घेत होते. नाव, गाव, शिक्षण सातवी, असं करत ते एका रकान्याशी थांबले.

"एक्स्पीरियन्स?"

"न्हाय," आक्काताई म्हणाली.

त्यांनी तिथं शून्य घातलं आणि तिला मदतनीस म्हणून घेतलं. भाजी चिरायची, भांडी घासायची. दोष माझाही आहे. मीही मराठी शाळेतलीच. जाहिरातींत हा शब्द नेहमी सर्टिफिकेटच्या शेजारी बघितलेला, म्हणजे कुठल्या तरी कोर्सचा कागद असणार, असंच मला वाटलं. मी गप्प बसले.

आणि या बाईनं सव्वीस वर्षं गावात पूजेच्या, लग्नाच्या पंगती उठवल्या होत्या. पंचकल्याणक पूजेला आठशे पानं, तीही सूर्य मावळायच्या आत.

मागच्या महिन्यात तेव्हा त्या जागी घेतलेला आचारी सोडून गेला. दुसऱ्या दिवसापासून सत्तर मुलींचा स्वयंपाक आक्काताईच करायला लागली. हजेरीवर मात्र मदतनीसच. आठवड्यानं विजयसिंहांनी स्वयंपाकघराच्या दारावर कागद डकवला, आचारी पाहिजे म्हणून. खाली इंग्रजीत तोच शब्द. आक्काताईनं तिथं राहणाऱ्या रक्षिता नावाच्या मुलीला हाक मारली.

"ह्यो कुठं मिळतोय गं? किती म्हैन्याचा असतोय?"

रक्षिता हसली. "अवो आक्का, मिळत न्हाय कुठं. आजवर केलेलं काम म्हंजे एक्स्पीरियन्स. अनुभव."

"गावातलं धरत्यात?"

"तुमी सांगता ती आठशे पानं धरायला नको व्हय?"

त्या दिवशी घरी येऊन ती माझ्या उंबऱ्यात बसली. "आठ म्हैनं मी खोटं बोलल्यागत झालं की गं. असलेलं न्हाय म्हणून आले." खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम आहे, म्हणून ते तिला जास्त लागलं. नोकरी राहिली बाजूला.

मग दोन दिवस भाकरी थापता थापता तिनं तो शब्द घोळवला. तिसऱ्या दिवशी पदराला हात पुसत ऑफिसात गेली. पुढचं मला रक्षितानं सांगितलं आणि आक्काताईनं दुरुस्त केलं.

"साहेब, आय हॅव ट्वेंटी सिक्स इयर्स एक्स्पीरियन्स. कुकिंग."

विजयसिंह खुर्चीत मागं रेलले. "बाबौ, इंग्लिश! कुणी पढवून धाडलं?"

"शब्द रक्षिताचा. वर्षं माझी."

"मग सर्टिफिकेट दाखवा."

"ते येगळं. तुमच्या फॉर्मात दोन्हीचे रकाने हायत. एकच असतं तर दोन कशाला छापलं?"

"म्हणायला कोण बी म्हणंल. पोरींचं रोजचं येगळं, उद्या कमिटीची माणसं जेवायला हायत. करून दाखवा, मी शेजारी उभा ऱ्हातो."

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. आक्काताईचा कडक उपास. आमटीला उकळी आली तसा विजयसिंहांनी भरलेला डाव पुढं केला.

"चव बघा."

"उपास हाय. जिभेवर ठेवणार न्हाय."

"असला कसला आचारी? मीठ कळायचं कसं? एक दिस मोडला म्हणून देव काय डोकावून बघतोय?"

"देव बघू दे न्हायतर न बघू दे. मला दिसतंय न्हवं?"

"आणि खारट झालं तर?"

"तर हाकला मला."

आमच्यात मोठा स्वयंपाक नेमका उपासतापासाच्या दिवसांतच निघतो. न चाखता करायची तिची सवय जुनी. तिनं वाफ घेतली, डावातून धार सोडून बघितली, मुठीनं मीठ टाकलं, पुरे वाटताच मूठ आखडली आणि झाकण ठेवलं.

विजयसिंहांनी आधी वाटीभर घेतली. मग भाकरी मागितली. मग वाटी परत पुढं केली. 

दुपारी नवा फॉर्म आला. पद त्यांनी मदतनीसच ठेवलं आणि त्या रकान्यात आठ महिने लिहिलं.

"हे खोडा," आक्काताई म्हणाली.

"आमच्याकडचं आठच होतंय की."

"तुमच्याकडचं म्हणून विचारलंय का तिथं? हातकणंगल्याला बापूसो चौगुल्यांस्नी फोन लावा. त्यांच्या घरच्या तिन्ही लग्नाला मीच हुते. आणि ते मदतनीस बी खोडा. न्हायतर सांजचा गॅस तुमीच पेटवा."

फोन लागला. बापूसो फोनवर शेतात बोलल्यासारखं बोलतात, दाराबाहेर रक्षिताला सगळं ऐकू आलं. "अवो पावणं, तिचं काय इचारताय! आमच्या सुना तिच्या हाताखाली शिकल्यात. आणि काय पायजे?"

विजयसिंहांनी खोडलं. आचारी लिहिलं. सव्वीस वर्षं लिहिलं.

"झालं का तुमचं काम?"

"माझं कवाच झालंय. तुमचं लिवायचं ऱ्हायलंवतं. आता ह्याची झेरॉक्स द्या, माझ्याकडं बी कागद असू दे."

मशीन बंद आहे, तापायला वेळ लागतो, उद्या देतो, असं ते म्हणाले. आक्काताईनं खुर्ची ओढली नाही, मागं सरली नाही. मशीन तापेपर्यंत टेबलासमोर उभी राहिली.